घशात नळी असताना बोलायचं कसं?

शस्त्रक्रियेनंतर वाचा गेलेल्या रुग्णाच्या हाती बोलण्यासाठी टॅबलेट, म्हणजे स्पर्शपडद्याचा छोटा संगणक, देण्याची कल्पना नवी वाटते. प्रश्न मात्र जुना आहे. ३१ डिसेंबर १८७३ रोजी व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ यांनी कर्करोगामुळे एका रुग्णाचं संपूर्ण स्वरयंत्र काढलं, तेव्हा त्याला बोलता यावं म्हणून त्यांचे सहायक कार्ल गुसेनबाऊअर यांनी कृत्रिम स्वरयंत्रही बनवलं. ही काळजी नंतर मागे पडली.

१९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांच्या सल्ल्याने रुग्णांच्या गळ्याला छिद्र पाडून नळी घातली गेली आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून हाताने पिशव्या दाबत त्यांचा श्वास चालू ठेवला. आजच्या आयसीयूचं मूळ तिथे आहे. पण अशा नळीतून हवा स्वरतंतूंच्या खालूनच ये-जा करते, त्यामुळे आवाज फुटत नाही. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर तोंडातून घातलेली व्हेंटिलेटरची नळी तर थेट स्वरतंतूंच्या मधूनच जाते.

मग उरतो कागद. रुग्ण उताणा, हाताला सलाइन, बोटं सुजलेली, चष्मा कुठेतरी पिशवीत. अक्षरं एकमेकांवर चढतात. शेवटी नर्स विचारते, ‘दुखतंय का? तहान लागलीय?’ आणि रुग्णाला सांगायचं असतं की नळीची चिकटपट्टी ओठाला काचतेय. हो-नाहीच्या खेळात जे कुणाला सुचत नाही, ते विचारलंच जात नाही. खरी अडचण ही आहे.

१९६०च्या सुमारास इंग्लंडच्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयात रेग मेलिंग यांना दिसलं की लुळ्या पडलेल्या रुग्णांकडे हाक मारायला फक्त घंटी आहे. त्यांनी नळीत फुंकून आणि ओढून टाइपरायटर चालवता येईल असं ‘पॉसम’ नावाचं यंत्र घडवलं. १९८५ मध्ये गळ्यावरच्या शस्त्रक्रियेने आवाज गेल्यावर स्टीफन हॉकिंग आधी अक्षरांच्या तक्त्यावर भुवई उंचावून शब्द जुळवत, नंतर संगणक आला. ही साधनं जन्मभराच्या गरजेसाठी होती. चार दिवस नळी राहणाऱ्या रुग्णासाठी एवढा खटाटोप कोण करणार?

२०१० मध्ये आयपॅड आल्यावर हे गणित बदललं. चित्रावर बोट ठेवलं की ‘कफ काढा’, ‘कूस बदला’ असं यंत्र बोलतं. पुसून दुसऱ्या खाटेवर नेताही येतं. तरी माझ्या मते मोठी सुधारणा टॅबलेटच्या आधीचीच आहे. बोस्टनच्या बाल रुग्णालयात शस्त्रक्रियेपूर्वीच मुलांकडून त्यांना हवी ती वाक्यं त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करून घेतली जात. पिट्सबर्गमध्ये परिचर्येच्या संशोधक मेरी बेथ हॅप यांच्या गटाने साधनांइतकाच भर परिचारिकांच्या प्रशिक्षणावर दिला. तेही गरजेचंच होतं. गुंगीतून नुकत्याच बाहेर येणाऱ्या माणसाला अनोळखी टॅबलेट समोर धरून काही उमगत नाही. तो शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी, शुद्धीत असताना, एकदा तरी हाताळलेला असावा लागतो.