भाकरी वाढल्या की वाटल्या? चमत्कारांच्या अर्थाचा वाद आला कुठून

इस्रायलमधील गालील समुद्राच्या काठी ताब्घा येथील चर्चमध्ये वेदीजवळच्या जमिनीवर पाचव्या शतकातले एक मोझॅक आहे. मध्यभागी भाकरींची टोपली आणि दोन्ही बाजूंना एकेक मासा, एवढेच चित्र. येशूने पाच भाकरी आणि दोन मासळ्यांवर पाच हजारांना जेवू घातल्याची ही खूण. परंतु मोजून पाहिले तर टोपलीत भाकरी चारच दिसतात. पाचवी भाकरी वेदीवर, म्हणजे प्रभुभोजनात आहे, असे तेथे येणाऱ्यांना सांगितले जाते. कारागिराच्या मनात हेच होते का, हा भाग अलाहिदा. पण घडलेली घटना आणि तिच्यातली खूण या दोन गोष्टी त्या काळच्या श्रद्धावंताला परस्परविरोधी वाटत नव्हत्या, हे मात्र खरे. ‘हे प्रत्यक्ष घडले की हे केवळ प्रतीक आहे?’ या प्रश्नातला ‘की’ बराच अलीकडचा आहे.

त्याच सुमारास उत्तर आफ्रिकेतील बिशप ऑगस्टिनने, योहानाच्या शुभवर्तमानाच्या (येशूचे चरित्र सांगणाऱ्या नव्या करारातील चार पुस्तकांपैकी एकाच्या) सहाव्या अध्यायावर केलेले विवेचन या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. भाकरी खरोखर संख्येने वाढल्या याविषयी त्याला शंका नाही. उलट, मूठभर दाण्यांतून दरवर्षी शेते पिकवणाऱ्या देवाचे ते काम याहून मोठे आहे, फक्त रोजचे असल्यामुळे कोणाला त्याचे नवल वाटत नाही, असे तो म्हणतो. मग तो अर्थाकडे वळतो: पाच भाकरी म्हणजे मोशेची पाच पुस्तके, आणि जवाचा दाणा जसा चिवट टरफलात दडलेला असतो तसा जुन्या करारातला आशय. योहानाच्या शुभवर्तमानात चमत्कारांसाठी येणाऱ्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही ‘चिन्ह’ असाच आहे, आणि मराठी ‘पवित्र शास्त्रा’ने तो शब्द तसाच राखला आहे. रोजच्या बोलण्यातल्या ‘चमत्कार’ या शब्दात नवल तेवढे उरते, खूण हरवते.

ही वीण उसवली ती सतराव्या-अठराव्या शतकांत. निसर्गनियम हीच देवाची इच्छा असल्याने त्यांचा भंग म्हणजे देवाने स्वतःलाच खोडणे, असे डच तत्त्वज्ञ स्पिनोझाने 1670 मध्ये मांडले. स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमने 1748 मध्ये प्रश्न साक्षीकडे वळवला: साक्ष खोटी असणे हेच मूळ चमत्काराहून अधिक अचाट ठरेल, तेव्हाच ती स्वीकारावी. जर्मन लेखक लेसिंगने 1777 मध्ये आणखी वर्मी बोट ठेवले. डोळ्यांदेखत घडलेला चमत्कार आणि चमत्कार घडल्याचे ऐकीव वृत्त या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि इतिहासातल्या वृत्तापासून चिरंतन सत्यापर्यंतचा रुंद खंदक आपल्याला ओलांडता येत नाही, अशी त्याने कबुली दिली.

खंदक बुजवण्याचा पहिला मोठा प्रयत्न आज थोडा हास्यास्पद वाटतो. हाइडलबर्गचे प्राध्यापक पाउलुस यांनी 1828 च्या येशूचरित्रात घटना ठेवल्या आणि चमत्कार काढून टाकले. येशू पाण्यावरून नव्हे, तर धुक्यात काठाकाठाने चालत होता. आणि येशूने आपल्याजवळचे वाटायला सुरुवात केलेली पाहून ज्यांच्याकडे शिदोरी होती त्यांनीही ती बाहेर काढली, म्हणून सगळ्यांना पुरले. भाकरी वाढल्या नाहीत, वाटल्या गेल्या. हे दुसरे स्पष्टीकरण आजही अनेक प्रवचनांतून नवा विचार म्हणून ऐकू येते, त्याला दोनशे वर्षे होत आली तरी.

पाउलुसना सडेतोड उत्तर आले ते सनातन्यांकडून नव्हे, तर सत्तावीस वर्षांच्या जर्मन धर्मशास्त्रज्ञ डाव्हिड फ्रीडरिश श्ट्राउसकडून. 1835 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने अलौकिक आणि बुद्धिवादी, दोन्ही वाचने मोडीत काढली. दोघेही कथेला पोलिसी पंचनाम्यासारखे वाचतात, असे त्याचे म्हणणे थोडक्यात सांगता येईल. जुन्या करारातील राजांच्या दुसऱ्या पुस्तकात अलीशा हा संदेष्टा जवाच्या वीस भाकरींवर शंभर जणांना जेवू घालतो आणि तरीही उरते. अरण्यात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवाने पाठवलेले अन्न, मिळते. मसीहा, म्हणजे वचन दिलेला तारणारा, येईल तेव्हा याहून मोठे करील, या अपेक्षेतून आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीने ही कथा नकळत विणली, आणि अशा कथेला त्याने ‘मिथक’ म्हटले. मिथक म्हणजे थाप नव्हे, यावर त्याचा भर होता. पण ट्यूबिंगनमधली नोकरी गेलीच. 1839 मध्ये झ्युरिकने त्याला प्राध्यापकपद दिले, तेव्हा इतका क्षोभ उसळला की रुजू होण्यापूर्वीच त्याला निवृत्तिवेतन देऊन घरी बसवावे लागले. तरीही सप्टेंबरात ग्रामीण भागातले लोक शहरावर चालून आले आणि सरकार पडले. धर्मशास्त्राच्या एका नेमणुकीपायी सरकार पडल्याची उदाहरणे फार नसावीत.

योगायोग असा की त्याच 1839 साली हिंदुस्थानात उलट्या बाजूने वाद चालू होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील स्कॉटिश संस्कृतज्ञ जॉन म्यूर यांनी ‘मतपरीक्षा’ या संस्कृत ग्रंथात खऱ्या धर्माच्या लक्षणांत संस्थापकाच्या चमत्कारसामर्थ्याला स्थान दिले. त्याला ‘सोमनाथ’ या नावाने उत्तर देणारे पंडित म्हणजे सीहोरचे महाराष्ट्रीय ब्राह्मण सुबाजी बापू, असे अभ्यासक मानतात. युरोपात जो पुरावा डळमळला होता, तोच येथे हुकमाचा पत्ता म्हणून टाकला जात होता. आणि अद्भुत कथांची वाण नसलेल्या पुराणांच्या देशात तो फारसा चालणार नव्हता, हे उघड आहे.

पुढच्या काळात बाजू पक्क्या झाल्या. चमत्कार अशक्य आहेत असे म्हणणाऱ्याला कॅथलिक चर्चच्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेने 1870 मध्ये बहिष्कृत ठरवले. अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन या प्रॉटेस्टंट पंथाच्या महासभेने 1910 मध्ये ज्या पाच गोष्टी अत्यावश्यक ठरवल्या, त्यांत चमत्कारांची सत्यता होती; उदारमतवादी धर्मोपदेशक फॉस्डिक यांनी 1922 मध्ये न्यूयॉर्कच्या व्यासपीठावरून या सक्तीला विरोध केला आणि वाद पेटला. अशी सक्ती करणारे मूलतत्त्ववादी आणि पाउलुस हे वैरी असले, तरी ‘घडले असेल तरच कथेला मोल’ हे गृहीतक दोघांचेही एकच होते, असे मला वाटते.

जर्मन धर्मशास्त्रज्ञ बुल्टमान यांचे 1941 चे व्याख्यान या गृहीतकालाच भिडले. विजेचा दिवा आणि रेडिओ वापरणाऱ्या माणसाला नव्या करारातले भुताखेतांचे आणि चमत्कारांचे जग जसेच्या तसे मानता येणार नाही, असे ते म्हणाले. पण मिथक खरवडून टाकू नका, ते माणसाला कोणत्या निर्णयापाशी आणून उभे करते ते वाचा, हा त्यांचा खरा आग्रह होता. टीकाकारांना पहिले वाक्य लक्षात राहिले, दुसरे नाही. येशू मरणातून पुन्हा उठला, या पुनरुत्थानापाशी मात्र अनेकांचे पाऊल अडते. जर्मन धर्मशास्त्रज्ञ पानेनबेर्ग यांनी 1964 मध्ये ती इतिहासात घडलेली घटना म्हणूनच तपासावी असे आग्रहाने मांडले, आणि हा वाद अजून मिटलेला नाही.

विद्यापीठांत हे चालले असताना ख्रिस्ती जगाचा मोठा भाग वेगळ्याच दिशेने गेला. 1905 मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, पंडिता रमाबाईंच्या आश्रमात, जे आध्यात्मिक जागरण झाले, त्याची नोंद पवित्र आत्म्याच्या प्रत्यक्ष अनुभवावर भर देणाऱ्या पेंटेकॉस्टल चळवळीच्या आरंभकाळात लॉस एंजेलिसच्या 1906 च्या जागरणाबरोबर घेतली जाते. या परंपरेत चमत्कार हा जुन्या ग्रंथाच्या अर्थाचा प्रश्न नाही, तर येत्या रविवारच्या प्रार्थनेचा आहे.

इतिहासकारांची भाषा दरम्यान मवाळ झाली. कॅथलिक अभ्यासक जॉन मायर यांनी 1994 मध्ये अशी मर्यादा आखली की, समकालीनांनी येशूला चमत्कार करणारा मानले एवढे इतिहास सांगू शकतो. ते देवाने केले का, हे सांगणे इतिहासाच्या कक्षेबाहेरचे आहे. भाकरींच्या कथेबद्दल त्यांचा निष्कर्ष इतकाच की, तिच्यामागे समुद्राकाठच्या भाकरी-मासळीच्या एखाद्या अविस्मरणीय सामुदायिक जेवणाची आठवण असण्याचा संभव अधिक आहे.