क्वेश्चन बँक म्हणजे नक्की कुठली? बायोकेमचा दरवर्षीचा घोळ

एमबीबीएस फर्स्ट इयरची पोरं बायोकेमबद्दल (म्हणजे बायोकेमिस्ट्री) दरवर्षी एकच मेसेज टाकतात, "ताई, बायोकेमला क्वेश्चन बँक पुरते ना?" आणि मी दरवर्षी उलट विचारते, कुठली क्वेश्चन बँक रे बाबा? कारण या एकाच नावाच्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक ॲपवरची एमसीक्यूवाली (ऑप्शनमधून उत्तर निवडायचे प्रश्न), जिला सगळे क्यूबँक म्हणतात. दुसरी म्हणजे एमयूएचएसच्या (आपली आरोग्य विज्ञान युनिव्हर्सिटी) जुन्या पेपरांतले लाँग-शॉर्ट प्रश्न चॅप्टरप्रमाणे लावलेली, झेरॉक्सवाल्याकडून स्पायरल करून आणतो ती.

पहिलीबद्दल तुम्हाला काय सांगायचं, नीटचे १८० प्रश्न सोडवून आलेली माणसं तुम्ही. चार ऑप्शन, दोन काटायचे, उरलेल्या दोनात डोकं लावायचं, हात बसलाय त्यावर. आणि लोचा तिथेच होतो.

युनिव्हर्सिटीचे १००-१०० मार्कांचे दोन पेपर असतात आणि एनएमसीच्या (नॅशनल मेडिकल कमिशन) नियमाने थिअरीत एमसीक्यू २० टक्क्यांच्या वर नसतात. म्हणजे पेपरामागे किमान ८० मार्क पेनाने लिहून कमवायचेत. आता हे बघा. ॲपवर प्रश्न येतो: लहान मूल, लिव्हर मोठं, उपाशी राहिलं की शुगर खाली, लॅक्टेट वाढलेलं, युरिक ॲसिड वाढलेलं, कुठलं एन्झाइम कमी? ऑप्शनमध्ये ग्लुकोज-६-फॉस्फेटेज दिसलं की बोट आपोआप जातं, आजार व्हॉन गिर्के, हिरवा टिक, पुढचा प्रश्न. वाटतं चॅप्टर झाला.

तीच केस थिअरीत आली की खाली विचारतात, युरिक ॲसिड का वाढलं? इथे ऑप्शन नाहीत, नुसत्या रेघा आहेत. फॉस्फेट काढता येत नाही म्हणून ग्लुकोज लिव्हरमधून बाहेर पडत नाही, ग्लुकोज-६-फॉस्फेट आत साचतं, ते मग मिळेल त्या वाटेने जातं, थोडं ग्लायकोलिसिसमधून (ग्लुकोज तोडायची नेहमीची वाट) लॅक्टेट होतं, थोडं एचएमपी शंट या आडवाटेत जाऊन रायबोज-५-फॉस्फेट बनतं, त्यातून प्युरिन (डीएनए-आरएनएचे तुकडे) जास्त बनतात आणि प्युरिन तुटले की युरिक ॲसिड. वरून ते वाढलेलं लॅक्टेट किडनीत युरेटला बाहेर जाऊ देत नाही. म्हणजे दोन्हीकडून मार. ही साखळी कोऱ्या कागदावर स्वतःहून काढता येणं वेगळं आणि चार नावांतलं बरोबर नाव ओळखणं वेगळं. बिल्डिंगचा वॉचमन समोर आला की ओळखता ना, पण त्याचा चेहरा काढून दाखवा म्हटलं तर?

मी स्वतः पहिल्या टर्मिनलला यातच आपटले. ग्लायकोजेनचे ॲपवरचे सगळे एमसीक्यू दोनदा करून गेले होते आणि पाच मार्कांना एक ओळ लिहिली, 'ग्लुकोज-६-फॉस्फेटेज डेफिशियन्सीमुळे'. अर्धा मार्क मिळाला, तोही दयेचा असणार.

म्हणून माझं मत ठाम आहे, फर्स्ट इयरला स्पायरलवाली आधी. एक टेक्स्टबुक (एकच, तीन नाही), चॅप्टर वाचा, पुस्तक मिटा, जुन्या पेपरातला प्रश्न घ्या आणि रफ कागदावर फ्लोचार्ट काढा, अडलात तिथे लाल पेनने खूण, मग पुस्तक उघडा. त्या बँकेच्या मागे छापलेली रेडिमेड उत्तरं मात्र बघू नका, बऱ्याचदा कुणीतरी कुणाचं तरी उतरवलेलं असतं. व्हायव्हालाही (तोंडी परीक्षा) हेच कामाला येतं, कारण एक्झामिनर ऑप्शन देत नाही, नुसतं "का?" म्हणतो. क्यूबँक वाईट नाही, चॅप्टर झाल्यावर कुठे भोक राहिलंय ते बघायला मस्त, लोकलमध्ये उभ्या उभ्या परळ ते ठाणे वीसेक सहज होतात. पण ती अभ्यास झाला का हे तपासते, तो करून देत नाही.

बाकी महाग-स्वस्त, मोबाईल की कागद, असले फरक सोडा. फक्त एक, जे मला दरवर्षी चावतं. हॉस्टेलच्या सिनियरकडून घेतलेल्या जुन्या पुस्तकात एका ग्लुकोजचे ३८ एटीपी (पेशीच्या एनर्जीची नाणी म्हणा), ॲपवर ३२, आणि पोरं विचारतात चूक कोण. एनएडीएच आणि एफएडीएच२ हे एनर्जी वाहून नेणारे रेणू, जुना हिशोब त्यांना ३ आणि २ एटीपी धरायचा, नवा २.५ आणि १.५ धरतो, म्हणून पाल्मिटेट या फॅटी ॲसिडचे पण १२९चे १०६ होतात. नवाच लिहा, आणि हिशोब मांडून दाखवा, नुसता आकडा फेकू नका. टेलिग्रामवर फिरणाऱ्या 'लास्ट नाइट नोट्स'मध्ये तर एकाच पानावर दोन्ही आकडे पाहिलेत मी.

आणि प्रॅक्टिकलला दोन्ही बँका बंद. शुगरच्या टेस्टला ५ मिली बेनेडिक्ट रिएजंटमध्ये ८ थेंब युरिन टाकून उकळायचं, आणि हिरवा कुठे संपून पिवळा कुठे सुरू झाला ते लॅबमध्ये स्वतःच्या डोळ्यांनीच बघावं लागतं.