विणलेली बैठक आणि ‘रिस्टोअर्ड’ या शब्दाचा गुंता

जुन्या फर्निचरच्या बाजारात 1950-60 च्या दशकांतल्या इटालियन लाकडी खुर्च्या ‘रिस्टोअर्ड’ म्हणून येतात, तेव्हा लाकूड बहुधा जुनं असतं आणि बैठक नवी विणलेली. मग ती खुर्ची ‘मूळ’ म्हणायची का, यावर विकणारे आणि संग्राहक अजून भांडतात.

या खुर्च्यांच्या घराण्याचं मूळ इटलीतल्या लिगुरियाच्या किनाऱ्यावरच्या क्यावारी गावात. 1807 मध्ये तिथल्या एका सुताराला पॅरिसहून आणलेली खुर्ची नमुना म्हणून दिली गेली. त्याने ती जशीच्या तशी न उतरवता हलकी केली. बैठकीला विलोच्या, म्हणजे आपल्याकडच्या वाळुंजाच्या भाईबंदाच्या, बारीक पट्ट्या विणल्या. पुढे अनेक कारखान्यांनी तोच घाट उचलला. त्यामुळे शिक्का नसलेली ‘क्यावारी’ खुर्ची नेमकी कोणत्या दशकातली, हे नुसतं पाहून सांगणं अवघड.

खरी गंमत युद्धानंतरची. मिलानच्या एका वास्तुविशारदाने हीच खुर्ची समोर ठेवून आणखी किती वजन उतरवता येईल, याचा ध्यास घेतला. 1952 मध्ये ‘लेजेरा’ आली आणि 1957 मध्ये ‘सुपरलेजेरा’: अ‍ॅश लाकूड, त्रिकोणी छेदाचे जेमतेम 18 मिलिमीटर जाडीचे पाय, वजन 1.7 किलो. लहान मूल एका बोटाने ती उचलतंय, ही तिची जाहिरात. 1960 च्या आसपास दुसऱ्या एका मिलानी वास्तुविशारदाने कोमोजवळच्या कारिमाते इथल्या गोल्फ क्लबसाठी लालभडक रंगाची, गावरान वळणाची खुर्ची केली. खाली तांबडं बीच लाकूड आणि वर गवताची बैठक.

गोंधळ सुरू होतो तो इथेच. ‘विणलेली बैठक’ या एका शब्दाखाली तीन-चार वेगळ्या वस्तू दडल्या आहेत. कारिमातेच्या त्या लाल खुर्चीची बैठक पाणथळ जागेतल्या लव्हाळ्यासारख्या गवताची. सुपरलेजेराची वेताची, आणि त्या वेताला इटालियनमध्ये म्हणतात ‘कान्ना दिंदिया’, म्हणजे हिंदुस्तानचा वेत. व्यापारातला वेत मात्र मुख्यतः आग्नेय आशियातून येतो. कॅफेतल्या खुर्च्यांवरची अष्टकोनी जाळी ‘पाल्या दी व्हिएन्ना’, व्हिएन्नाचं गवत. ते गवतही नाही आणि व्हिएन्नात उगवतही नाही. तीही वेताचीच साल. जाहिरातीत या सगळ्यांना सरसकट ‘केन’ म्हणून मोकळे होतात.

याचा परिणाम थेट दुरुस्तीवर होतो. गवताच्या जागी पिळाच्या कागदी दोरीने विणलं, तर लांबून फरक कळत नाही. जवळून मात्र कळतो: गवताचा पीळ कमी-जास्त जाडीचा, दोरीचा एकसारखा. माझ्या मते पुन्हा विणणं हा दोष नव्हेच. वेत सुकतो, तडकतो; बैठक बदलायची असते हे विणणाऱ्यालाही ठाऊक होतं. आपल्याकडेही सरकारी कचेऱ्यांतल्या खुर्च्या अंध कारागिरांकडून पुन्हा विणून घेतल्या जात, आणि खुर्ची ‘मूळ’ राहिली का, असं कुणी विचारलं नाही. आक्षेप घ्यावा तो सामग्री बदलून ती लपवण्यावर आणि पॉलिशपेपरने जुना रंग खरवडून काढण्यावर. बैठक पुन्हा विणता येते. कारिमातेचा तो लाल रंग एकदा गेला की नव्या हाताने मूळची छटा जुळवणं फार कठीण. बाजारभाव मात्र बैठकीवरूनच पाडला जातो.

मधल्या काळात क्यावारीचा घाट प्लॅस्टिकमध्ये ओतला जाऊ लागला. मुंबई-पुण्याच्या रिसेप्शनमध्ये रांगेने मांडलेल्या सोनेरी खुर्च्या त्याच कुळातल्या. त्यांच्यावर विणकाम नसतं. पांढरी गादी बांधलेली असते.