उत्क्रांतीचे पुरावे : कोकण किनारपट्टी

सजीवांच्या आजच्या जाती पूर्वीच्या जातींपासून पिढ्यान्‌पिढ्यांच्या बदलातून निर्माण झाल्या, या सिद्धांताला पुष्टी देणारे आणि सह्याद्रीचा पश्चिम उतार व अरबी समुद्र यांच्यामधील पट्ट्यात मिळणारे भूवैज्ञानिक व जैविक पुरावे. प्रस्तुत नोंदीत मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंतचा प्रदेश धरला आहे. आंबोली घाटमाथ्यावर असली तरी सिंधुदुर्ग जिल्ह्यात मोडते आणि तिथले प्राणी वगळून हा विषय पुरा होत नाही, म्हणून तिचाही समावेश केला आहे.

सिद्धांत : चार्ल्स डार्विन आणि आल्फ्रेड रसेल वॉलेस यांचे निबंध 1 जुलै 1858 रोजी लंडनच्या लिनीअन सोसायटीत वाचले गेले. पुढच्याच वर्षी डार्विनचा जातींच्या उगमावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. गुण पुढच्या पिढीत कसे उतरतात, हे डार्विनला सांगता आले नव्हते. मेंडेलचे 1866 मधील संशोधन त्यासाठी उपयोगी पडले असते, पण त्याकडे 1900 पर्यंत कोणाचे लक्ष गेले नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फिशर, हॉल्डेन आणि राइट यांनी आनुवंशिकता व नैसर्गिक निवड यांची गणिती सांगड घातली. यांपैकी हॉल्डेन 1957 मध्ये भारतात स्थायिक झाले आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारले. शरीररचना, अवशेषांगे, भ्रूणविज्ञान, जोडणारे दुवे इ. पुराव्यांचे वर्ग राज्याच्या दहावीच्या विज्ञान पाठ्यपुस्तकात आले आहेत. त्यांची येथे पुनरुक्ती केलेली नाही.

जीवाश्म : कोकणचा बहुतेक भाग दख्खनच्या लाव्ह्याने बनलेला आहे. तप्त लाव्ह्यात सांगाडे टिकत नाहीत, त्यामुळे घोड्याच्या पूर्वजांसारखी सलग जीवाश्ममालिका येथे मिळण्याची अपेक्षाच करू नये. मात्र दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात तळी साचली, त्यांत गाळ बसला आणि पुढच्या लाव्ह्याने तो झाकला. मुंबईच्या मलबार टेकडी व वरळी भागांत असे आंतर-लाव्हा थर एकोणिसाव्या शतकातच उघडकीस आले. वरळीच्या थरांतील इवल्याशा बेडकांचे वर्णन रिचर्ड ओएन यांनी 1847 मध्ये केले आणि त्यांना आजच्या बेडकांच्या राना या प्रजातीत (जवळच्या जातींच्या गटात) टाकले. जी. के. नोबल यांनी 1930 मध्ये त्यांच्यासाठी इंडोबॅट्रॅकस ही नवी प्रजाती केली आणि त्यांचे नाते थेट ऑस्ट्रेलियातील बेडकांशी जोडले. हे नाते पुढे सर्वांना मान्य झाले नाही. हाडांचे ठसे बारीक आणि दबलेले आहेत व निर्णायक सांधे नीट दिसत नाहीत. राना या प्रजातीशी त्यांचा संबंध नाही, एवढे मात्र ओएननंतरच्या अभ्यासकांनी बहुधा धरून चालले आहे.

या थरांचे वयही वादग्रस्त राहिले. कोणी ते उत्तर क्रिटेशस (डायनोसॉरांच्या काळाचा शेवटचा भाग) मानले, तर 1985 मधील एका फेरतपासणीत ते आदि-इओसीन (सुमारे 5.6 कोटी वर्षांपूर्वी सुरू झालेल्या काळातले) धरले गेले. दख्खनचा मुख्य उद्रेक सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा आहे. मुंबईतील काही खडक त्याहून तरुण, म्हणजे सुमारे 6.2 ते 6 कोटी वर्षांचे असल्याचे किरणोत्सारी कालमापनातून दिसते. त्यामुळे निदान मुंबईच्या बाबतीत पेलिओसीनच्या (क्रिटेशस व इओसीन यांच्या मधल्या काळाच्या) आरंभाकडे झुकणारे मत अधिक ग्राह्य वाटते. इओसीनचे मत सोडले तर मोठ्या सरीसृपांच्या लोपाच्या आसपासचा हा काळ आहे.

बेडकांपेक्षा कासवांचा पुरावा स्पष्ट आहे. वरळीचे कासव एच. जे. कार्टर यांनी 1852 मध्ये वर्णिले. जोगेश्वरीजवळच्या आंबोली खाणीतील कासवाला 2003 मध्ये सांकुकेमिस हे नाव मिळाले. (ही आंबोली मुंबईतली, सिंधुदुर्गातल्या आंबोलीशी तिची गल्लत संदर्भसूचींत अधूनमधून होते.) दोन्ही कासवे मान कवचाखाली आडवी वळवणाऱ्या गटातील आहेत. हा गट आज दक्षिण अमेरिका, आफ्रिका, मादागास्कर व ऑस्ट्रेलियाच्या भागात आढळतो. भारतात त्याची एकही रानटी जाती उरलेली नाही. आपल्या नद्या-तळ्यांतील कासवे मान सरळ आत ओढतात. म्हणजे मुंबईच्या त्या तळ्यांतील कासवे दक्षिणेकडील जुन्या भूखंडाचा वारसा होती आणि आजची कासवे दुसऱ्या शाखेतील आहेत. जाती जागच्या जागी निर्माण झाल्या व तशाच राहिल्या, असे मानले तर हा फेरबदल समजत नाही.

दक्षिण कोकणात जांभ्याखाली लिग्नाइटयुक्त (तपकिरी कोळसा असलेल्या) मातीचे थर विहिरी खोदताना लागतात. विल्किन्सन यांनी 1871 मध्ये त्यांची नोंद केली होती. ते सामान्यतः मायोसीन (सुमारे 2.3 कोटी ते 50 लाख वर्षांपूर्वीच्या काळातले) मानले जातात आणि त्यांत वनस्पतींचे अवशेष मिळतात.

भूप्रदेशाचा इतिहास : परशुरामाने समुद्र हटवून ही भूमी मिळवली, ही कथा सर्वश्रुत आहे. भूविज्ञानानुसार कोकण म्हणजे एका तुटलेल्या भूखंडाची कड होय. सुमारे 8.8 कोटी वर्षांपूर्वी भारत मादागास्करपासून सुटला आणि सुमारे 6.3 कोटी वर्षांपूर्वी सेशेल्सचा तुकडा भारताच्या पश्चिम कडेपासून अलग झाला. मुंबईच्या तरुण लाव्ह्याचा आणि या फुटीचा काळ जवळजवळ एकच आहे. घाटात आडवे असलेले बेसाल्टचे थर पनवेलपासून मुंबईकडे समुद्राच्या दिशेने कलतात. या वाकाला पनवेल वाक म्हणतात. सह्याद्रीचा कडा प्रस्तरभंगाने (खडक तुटून सरकल्याने) उभा राहिला की किनाऱ्याजवळची कड झिजत झिजत पूर्वेला सरकली, यावर दीर्घकाळ वाद आहे. कड्याच्या रेषेवर मोठा प्रस्तरभंग दाखवता आलेला नाही, त्यामुळे दुसऱ्या मताकडे कल आहे. कडा पूर्वेला सरकला असेल तर त्याच्या पायथ्याचा दमट पट्टाही कोट्यवधी वर्षे त्याच्याबरोबर सरकत आला, आणि ओलाव्यावर जगणाऱ्या जीवांच्या इतिहासात ही गोष्ट महत्त्वाची ठरते.

देवगांडूळ व सेशेल्सशी नाते : कोकणातील सर्वांत बोलका पुरावा जमिनीखाली आहे. देवगांडूळ हा बिनपायांचा उभयचर पावसाळ्यात माती उकरताना, दगड उलटताना दिसतो. तो वाळा (गांडुळासारखा दिसणारा साप) समजून मारलाही जातो. रत्नागिरी जिल्ह्यातील डोर्ले गावातून जेजेनिऑफिस शेषाचारी ही जाती 2003 मध्ये वर्णिली गेली. त्याच वर्षी आंबोलीतून जेजेनिऑफिस डॅनिएली ही जाती नोंदवली गेली. तिचे नाव बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे जे. सी. डॅनिएल यांच्यावरून आहे.

या प्रजातीचे भारताबाहेरचे जवळचे नातलग आशियाच्या मुख्य भूमीवर नाहीत. ते समुद्रापार सेशेल्सच्या बेटांवर आहेत. उभयचरांची त्वचा खाऱ्या पाण्यात तग धरत नाही, त्यामुळे हजारो किलोमीटर समुद्र ओलांडून ते तिकडे गेले, हे स्पष्टीकरण फारसे पटणारे नाही. दोन्ही प्रदेश एक असताना त्यांचा पूर्वज तेथे होता आणि जमीन फुटल्यावर दोन शाखा स्वतंत्रपणे बदलत गेल्या, हे अधिक सरळ उत्तर आहे. शाखाभेद नेमका सेशेल्सच्या फुटीबरोबर झाला की त्याआधीच, हे जनुकीय घड्याळे (जनुकांतील फरकांवरून शाखाभेदाचा काळ काढण्याच्या पद्धती) वेगवेगळे सांगतात. ही घड्याळे ज्या जीवाश्मांवर लावायची तेच देवगांडुळांच्या बाबतीत अत्यल्प आहेत. केरळात सापडलेल्या आणि 2003 मध्ये वर्णिलेल्या नासिकाबॅट्रॅकस या बेडकाचेही जवळचे नातलग सेशेल्समध्येच आहेत, परंतु तो शाखाभेद 10 कोटी वर्षांहून जुना दिसतो. म्हणून सेशेल्सशी असलेले प्रत्येक नाते एकाच घटनेतून जन्मले, असे धरणे घाईचे होईल.

सह्याद्रीत आशियाच्या आग्नेय भागातील जीवांशी साम्य असलेले मासे व इतर प्राणीही आहेत. त्यांच्यासाठी सुंदरलाल होरा यांनी सातपुडा सिद्धांत मांडला. पूर्व हिमालयाकडून विंध्य-सातपुड्याच्या डोंगररांगेने हे जीव पश्चिम घाटात उतरले, असे त्याचे सार आहे. एके काळी पाठ्यपुस्तकांत तो निर्विवाद असल्यासारखा दिला जाई. बोसुइट व मिलिन्कोविच यांनी 2001 मध्ये बेडकांच्या जनुकांवरून उलट दिशेचा प्रवास दाखवला : काही वंश तरंगत आलेल्या भारतावर टिकले आणि आशियाशी टक्कर झाल्यावर बाहेर पसरले. दोन्ही प्रवास वेगवेगळ्या गटांत घडले असणे शक्य आहे. कोकणच्या देवगांडुळांना मात्र सातपुडा सिद्धांत लागू पडत नाही.

या प्राण्यांचे प्रजोत्पादनही लक्षणीय आहे. सह्याद्रीतील इक्थिऑफिस ही देवगांडुळांची दुसरी प्रजाती ओल्या मातीत अंडी घालते आणि तिच्या अळ्या पाण्यात वाढतात. जेजेनिऑफिसच्या काही जातींत अळीची अवस्थाच नसते, अंड्यातून छोटा देवगांडूळ बाहेर येतो. शेषाचारी ही जाती तर पिल्लांना जन्म देते. 2008 मध्ये हे प्रसिद्ध झाले तेव्हा पिल्लांना जन्म देणारा आशियातील हा पहिला ज्ञात उभयचर ठरला. पाण्यावरचे अवलंबन कमी होत जाण्याच्या तिन्ही पायऱ्या अशा एकाच डोंगररांगेत जिवंत सापडतात. त्यांना एकाच वंशाची शिडी समजू नये. देवगांडुळांत ही क्षमता अनेकदा स्वतंत्रपणे आली, असे त्याच अभ्यासातून दिसते.

सडे : जांभ्याचे उघडे पठार म्हणजे सडा. पावसाळ्यात त्यावर पाणी साचते, उन्हाळ्यात तो तव्यासारखा तापतो. जांभ्याचे वय अनिश्चित आहे. घाटमाथ्यावरचा जांभा जुना आणि कोकणातला खालचा त्याहून तरुण, असे पुराचुंबकीय मोजमापांवरून (खडकात टिकलेल्या जुन्या चुंबकत्वावरून) मानतात. मायोसीन थरांवर पसरलेला जांभा अर्थातच त्या थरांनंतरचा आहे. म्हणजे असे सडे हा तुलनेने नवा अधिवास असून तेथील प्रदेशनिष्ठ (इतरत्र न आढळणाऱ्या) जाती तेथे जुळवून घेत घडल्या असाव्यात. कोकण दिपकाडी ही पांढऱ्या फुलांची कंदवर्गीय वनस्पती अशांपैकी एक आहे.

डोर्ले गाव येथे पुन्हा येते. सड्यावर दगडांखाली राहणारी पांढऱ्या पट्ट्यांची एक पाल ग्रँडिसन व सोमण यांनी 1963 मध्ये तेथूनच वर्णिली आणि तिला टेराटोलेपिस या वेगळ्या प्रजातीत ठेवले. 2008 मध्ये जनुकीय तुलनेतून ती हेमिडॅक्टिलस प्रजातीतच बसते, हे स्पष्ट झाले. घराच्या भिंतीवरची पालही याच प्रजातीची. ज्या बाह्य फरकांमुळे सड्यावरची पाल परकी वाटली, ते जमिनीवरच्या जगण्यातून आलेले दिसतात. (सेशेल्समधील देवगांडुळांच्या एका प्रजातीला याच ॲलिस ग्रँडिसन यांच्यावरून ग्रँडिसोनिया हे नाव आहे.) सोमण यांनीच 1963 मध्ये कोयनेचा भेक वर्णिला. त्याचा जवळचा भाऊबंद आंबोलीच्या कातळावर सापडला आणि 2009 मध्ये दोघांसाठी झँथोफ्रिन ही प्रजाती केली गेली. एका पूर्वजाचे वंशज दूरदूरच्या पठारांवर अडकून दोन जाती होणे, हे भौगोलिक विलगतेचे नमुनेदार उदाहरण आहे.

खाडी : वंश वेगळे असूनही सारख्या परिस्थितीत सारखी रचना उद्‌भवते, यास अभिसारी उत्क्रांती म्हणतात. खारफुटी हे तिचे उत्तम उदाहरण. तिवर हे अडुळसा व कोरांटीच्या कुळातले, चिप्पी मेंदी व डाळिंबाच्या कुळातली. तरी दोघांची श्वसनमुळे चिखलातून वर येतात. कांदळ या दोघांहून वेगळ्या कुळातला असून त्याचे बी झाडावरच रुजते. तिवराचेही बी फळाच्या आवरणातच अंकुरलेले असते. कुळे फुलांच्या रचनेवरून ठरली आणि जनुकांवरून त्यांची बरीचशी पुष्टी झाली. मुळांच्या सारखेपणाने त्यांत बाधा येत नाही.

खाडीच्या चिखलात उड्या मारणारी निवटी ही मासे पाण्याबाहेर आल्याची जिवंत साक्ष म्हणून वर्गात दाखवली जाते. हे बरोबर नाही. चार पायांच्या प्राण्यांचा उगम मांसल पराच्या माशांपासून झाला. कॅनडाच्या एल्समीर बेटावरील सुमारे 37.5 कोटी वर्षांपूर्वीचा टिक्टालिक त्या वाटेवरचा आहे. निवटी खरबी माशांच्या गटातील, म्हणजे काटेरी परांच्या शाखेतील आहे. कल्ल्यांच्या पोकळीत पाणी धरून ठेवणे आणि ओल्या त्वचेतून श्वसन करणे या युक्त्या तिच्या वंशाने स्वतंत्रपणे मिळवल्या. ती पूर्वज नसली, तरी मासा कोणकोणत्या मार्गांनी जमिनीवर वावरू शकतो हे ती दाखवते.

कातळशिल्पे : रत्नागिरी-सिंधुदुर्गातील कातळशिल्पांचा काही लिखाणांत या संदर्भात उल्लेख होतो. त्यांत गेंड्यासारखे, आज कोकणात नसलेले प्राणी आहेत. यावरून प्राण्यांच्या प्रसारातील बदल कळतो, जाती बदलल्याचे नव्हे. त्यांचा काळही अनिश्चित असून मध्याश्मयुगापासून पुढे वेगवेगळी मते आहेत. 2022 मध्ये ती युनेस्कोच्या तात्पुरत्या वारसा यादीत आली.

मानवी निवड : पाळीव व लागवडीच्या जातींवरून डार्विनने युक्तिवादाची सुरुवात केली होती. कोकणात त्याला खार जमिनीतील भाताचा आधार मिळतो. भरतीचे पाणी शिरणाऱ्या शेतांत तग धरणारे लाल तांदळाचे राता वाण शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखले आणि त्यांतूनच काळा राता व भुरा राता हे निवड वाण निघाले. येथे निवड करणारा शेतकरी असला तरी रोपे गाळण्याचे निम्मे काम मीठच करते. हापूसची गोष्ट उलट आहे. कलमाने वाढवलेले प्रत्येक झाड जनुकीयदृष्ट्या मूळ झाडाचीच प्रत असल्याने, क्वचित घडणारे उत्परिवर्तन सोडल्यास, निवडीला लागणारी विविधता त्यात तयार होत नाही. नवे गुण हवे असतील तर संकर करावा लागतो. नीलम व हापूस यांच्यापासून वेंगुर्ल्यात तयार झालेला रत्ना आंबा अशाच संकरातून आला आहे.