पाचची मोटर आणि दोन नंबरचा चष्मा

पलूस-तासगावकडच्या शाळकरी पोरांना विचारा, पॉवर म्हणजे काय? एक म्हणेल लाईट, दुसऱ्याला आमदार आठवतील, तिसऱ्याला चष्मा. चुकीचं कुणीच नाही. पण सत्ता, ताकद, क्षमता असे प्रतिशब्द पाठ करून घेण्यापेक्षा पोरांना सरळ जिन्यापाशी न्यावं.

30 किलोचं पोर 3 मीटर उंचीचा मजला चढलं, की गुरुत्वाकर्षणाविरुद्ध साधारण 900 ज्यूल कार्य होतं. रमतगमत चढलं काय नि धावत चढलं काय, हा आकडा तोच. पण 6 सेकंदांत चढलं तर शक्ती 150 वॅट आणि 3 सेकंदांत चढलं तर 300. विज्ञानातली पॉवर ती हीच: काम किती झालं हे नव्हे, किती झपाट्यानं झालं. एकाला मोबाईलवर सेकंद मोजायला बसवा. जाडजूड गडी बारक्याच्या बरोबरीनं वर पोचला तर वॅट त्याचेच जास्त भरतात. त्यावरून वाद होणार, होऊ द्या.

मग शेतातली मोटर. 'पाचची' म्हणजे पाच हॉर्सपॉवरची. अठराव्या शतकात जेम्स वॅटला आपलं वाफेचं इंजिन किती घोड्यांची जागा घेतं हे गिऱ्हाइकांना पटवायचं होतं, म्हणून त्यानं हे माप ठरवलं. एक हॉर्सपॉवर म्हणजे सुमारे 746 वॅट. गंमत अशी की या दुसऱ्या एककाला नाव त्याचंच लागलं. पाचची मोटर झाली साधारण 3,700 वॅटची. मोटरमधली घट सोडून दिली तरी तासाला पावणेचार युनिट. इथं मोठी माणसंही घसरतात. बिलावरचं युनिट पॉवर मोजत नाही, ऊर्जा मोजतं: एक किलोवॅट, तासभर.

कोयनेकडे पाहिलं की हा फरक पक्का होतो. प्रकल्पाची क्षमता 1,960 मेगावॅट, ती पॉवर. धरणात साठतं 105 टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) पाणी. त्यातलं वर्षाला 67.5 टीएमसी पश्चिमेकडे वळवून वीज करायला कृष्णेच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या लवादानं मुभा दिली. हे पाणी म्हणजे ऊर्जेचा कोटा. सगळी जनित्रं वर्षभर पूर्ण क्षमतेनं चालवायची म्हटली तर तो पुरणार नाही. म्हणून मागणी चढेल तेव्हा ती जोरात चालवायची, एरवी पाणी राखायचं. पॉवर बँकेचं नावही खरं तर चुकलंच आहे. ती साठवते ऊर्जा.

चष्म्याची गोष्ट निराळी. भिंगाची शक्ती डायॉप्टरमध्ये मोजतात: 1 भागिले मीटरमधलं नाभीय अंतर. आजोबांचा वाचायचा चष्मा अधिक 2 नंबरचा असेल तर उन्हाचा ठिपका कागदावर अर्ध्या मीटरवर सर्वांत बारीक पडतो. चष्म्यातून सूर्याकडे मात्र बघायचं नाही, आणि कागद जळेपर्यंत थांबायचंही नाही.

गणितातली पॉवर म्हणजे घात. 2 चा तिसरा घात 8, एवढं पोरांना येतंच. त्यांना साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर न्या, तिथं दोन अर्थ एकत्र भेटतात. वाऱ्यातली शक्ती त्याच्या वेगाच्या तिसऱ्या घाताच्या प्रमाणात असते. वेग दुप्पट झाला की शक्ती आठपट. म्हणून तर पवनचक्क्या खालच्या शिवारात न लावता डोंगर चढवून वर नेल्या.