आदल्या रात्रीची झोप कामाला येत नाही

सबमिशन आणि पीएलच्या (परीक्षेआधी अभ्यासासाठी मिळणाऱ्या सुट्टीच्या) दिवसांत इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर रात्री दोन वाजताही खोल्याखोल्यांत दिवे असतात. ‘नाइट मारणं’ हा तिथला रोजचा शब्द. मग पेपरच्या आदल्या दिवशी घरून फोन येतो, "आज तरी लवकर झोप रे."

हा सल्ला कितपत उपयोगाचा, हे अमेरिकेतल्या एमआयटीत जवळजवळ अपघातानेच कळलं. प्राध्यापक जेफ्री ग्रॉसमन यांना खरं तर पाहायचं होतं, व्यायामाने गुण वाढतात का. रसायनशास्त्राच्या वर्गातल्या 100 विद्यार्थ्यांच्या मनगटावर त्यांनी सत्रभर फिटबिट हा हालचाल मोजणारा पट्टा बांधला. व्यायामाचा गुणांशी काही मेळ बसला नाही. पण त्याच पट्ट्याने झोपही मोजली होती, आणि तिचा मेळ बसला. 88 जणांची नोंद पूर्ण मिळाली. त्यांच्या गुणांत जो फरक होता, त्याचा सुमारे चौथा हिस्सा झोप किती, कशी आणि किती नियमित, याच्याशी जुळत होता. 2019 मध्ये हे प्रसिद्ध झालं.

आदल्या रात्रीच्या झोपेचा मात्र गुणांशी संबंधच दिसला नाही! संबंध होता तो आधीच्या आठवड्याच्या, महिन्याच्या झोपेशी. शिवाय रात्री दोननंतर झोपणाऱ्यांचे गुण कमी होते, सकाळी उशिरा उठून त्यांनी झोपेचे तास भरून काढले तरीही.

दिवसा शिकलेलं आधी मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागाच्या आधाराने टिकतं. झोपेत त्याची उजळणी होते आणि ते हळूहळू मेंदूच्या बाह्यस्तरात मुरतं. सोमवारी शिकलेल्या थर्मोडायनॅमिक्सला सोमवारची रात्र लागते. ती महिन्याभराने एकदम भरून देता येत नाही.

अर्थात हे निरीक्षण आहे. झोप चांगली म्हणून गुण चांगले, की अभ्यास वेळेत होतो म्हणून झोप शांत, हे त्यातून ठरत नाही. माझ्या मते दोन्ही खरं असावं.

झोपेचा धागा हजेरीपर्यंतही जातो. 2010 मध्ये कितीतरी अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासले गेले, तेव्हा कॉलेजमधल्या गुणांचा अंदाज सॅटसारख्या प्रवेशपरीक्षेपेक्षा वर्गातल्या हजेरीवरून जास्त चांगला बांधता आला. पहाटे झोपलेला मुलगा आठच्या लेक्चरला पोहोचत नाही. मित्र प्रॉक्सी लावतो, हजेरी भरते; पण जे कानावरच पडलं नाही, ते रात्री झोपेत मुरणार कुठून?