प्रोस्टेट कर्करोगातील एम वर्ग

प्रोस्टेटचा म्हणजे पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग निदानाच्या वेळी शरीरात दूरवर पोहोचला आहे का, हे कर्करोगाचा टप्पा ठरवणाऱ्या टीएनएम पद्धतीत (टी म्हणजे मूळ गाठ, एन म्हणजे जवळच्या लसीकाग्रंथी, एम म्हणजे दूरचा प्रसार) एम या अक्षराने नोंदवतात. दूरचा प्रसार नसेल तर एम०, असेल तर एम१. अमेरिकन जॉइंट कमिटी ऑन कॅन्सरच्या टप्पे ठरवण्याच्या नियमावलीच्या आठव्या आवृत्तीनुसार (२०१८ पासून लागू) दूरच्या लसीकाग्रंथींतला प्रसार एम१ए, हाडांतला एम१बी आणि यकृत, फुप्फुस अशा इतर अवयवांतला एम१सी. एकाहून जास्त ठिकाणी प्रसार असला तर वरचा वर्ग धरतात. हाडे आणि यकृत दोन्हींत असला तर एम१सी.

सर्वाधिक घोटाळा लसीकाग्रंथींबाबत होतो. कॉमन इलियाक धमनी (महाधमनीची खाली जाणारी शाखा) जिथे दुभागते, त्याखालच्या श्रोणीतील (कटिबंधाच्या पोकळीतील) ग्रंथी प्रादेशिक, म्हणजे जवळच्या. त्यांतला प्रसार एन१. महाधमनीलगतच्या, कॉमन इलियाक धमनीजवळच्या, मानेतल्या ग्रंथी मात्र दूरच्या. जांघ प्रोस्टेटच्या इतकी जवळ, तरी तिथल्या ग्रंथीही याच यादीत येतात. ही सीमा नीट पाहायलाच हवी, कारण एम० असताना एन१ म्हणजे टप्पा ४ए, तर कोणताही एम१ म्हणजे ४बी. मग पीएसए (रक्तात मोजले जाणारे प्रोस्टेटचे प्रथिन) किंवा ग्लीसन श्रेणी (सूक्ष्मदर्शकाखाली ठरवलेली गाठीची आक्रमकता) काहीही असो. गाठ थेट वाढत मूत्राशयात किंवा गुदाशयात शिरली, तर ते टी४ ठरते, एम१ नव्हे.

हा रोग सर्वांत जास्त हाडांत पसरतो, विशेषतः मणके, कटिबंध आणि बरगड्यांत. श्रोणीतल्या शिरा मणक्यांभोवतीच्या झडपा नसलेल्या शिराजाळ्याशी जोडलेल्या असतात, हे शरीररचनाशास्त्रज्ञ बॅटसन यांनी १९४० मध्ये दाखवले. हाडांत प्रसार होण्याच्या कारणांपैकी हे एक.

एम० लिहायला स्कॅन झालेलाच हवा, असे नाही. रुग्णाची हकीकत आणि शारीरिक तपासणी यांत प्रसाराची खूण नसेल, तर सीएम० लिहितात. सी म्हणजे क्लिनिकल. ‘माहीत नाही’ या अर्थाचा एमएक्स आता बाद आहे. दूरच्या जागेच्या ऊतीत सूक्ष्मदर्शकाखाली कर्करोग सिद्ध झाला तर पीएम१. पी म्हणजे पॅथॉलॉजिकल. पण पीएम० असा वर्गच नाही, कारण एका जागेचा तुकडा निर्दोष निघाल्याने सारे शरीर निर्दोष ठरत नाही. अशा वेळी सीएम० कायम राहतो.

उपचारांनंतर काही वर्षांनी हाडांत प्रसार आढळला, तरी निदानावेळचा टप्पा बदलत नाही. तो प्रसार पुढची घटना म्हणून वेगळा नोंदवतात. पीएसएमए पेट स्कॅन (प्रोस्टेट कर्करोगाच्या पेशींवरचे पीएसएमए हे प्रथिन शोधणारा स्कॅन) मात्र निदानावेळीच हाडांच्या जुन्या स्कॅनला न दिसणारे ठिपके दाखवतो, आणि पूर्वी एम० ठरला असता असा रुग्ण आज एम१ ठरू शकतो.